रविवारची डबल

"घास, भो, घास. म्हैस धुवाले बठना का तू? कातडी तरी ऱ्हाऊ दे."

मधली भिंत अर्ध्या विटेची. शेजारच्या मोरीत बळीराम कुरकुरला की चंचलला वाटायचं, तो आपल्याच कानाशी बसून बोलतोय. मग तांब्याभर पाणी ओतल्याचा आवाज आला. बळीराम म्हणाला, "पानी गरम शे." पुन्हा तांब्या. "आते गार करं. माले काय ताप भरावाना शे?"

तिच्या नवऱ्याचा, सुकदेवचा, आवाज आला नाही. सात आठवडे तो शेजाऱ्याला असाच मुकाट्यानं न्हाऊ घालत होता.

एरवी चंचल हसली असती. बळीराम बोलायला लागला की आजारी माणसालाही हसू फुटायचं. पण तिनं मान खाली घातली आणि मांडीवरच्या साडीच्या काठाला एकेक टिकली चिकटवत राहिली. दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. लिंबायतच्या त्या गल्लीत घरोघरी बायांच्या मांड्यांवर साड्याच होत्या, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात गोंद बोटांना असा चिकटायचा की भाकरी थापताना पिठात टिकली सापडायची.

सुकदेव आणि बळीराम जोडीदार. म्हणजे खात्यातले, कापड विणायच्या कारखान्यातले, आठ लूम दोघांच्या वाट्याचे. दिवसा एक, रात्री दुसरा, आणि आठवडा सरला की पाळी उलटी. आठ वर्षं हे चाललं, पण दोघांनी खात्यात निवांत बसून एक चहा प्यायला नाही. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला एक यायचा, दुसरा निघायचा, आणि लूम चालता चालताच या हातातून त्या हातात जायचे. लूम थांबवलेला शेठला खपत नसे.

अडचण रविवारची होती. सुकदेव-चंचल ख्रिस्ती. लग्नाआधीपासूनच, गावाकडे असल्यापासून. रविवारी सकाळी डिंडोलीला पत्र्याच्या हॉलमध्ये प्रार्थना असायची आणि सुकदेवनं ती कधी चुकवली नाही. मग त्याची दिवसपाळी असेल त्या रविवारी बळीराम शनिवारची रात्र उभ्यानं काढून दुपारी एकपर्यंत तसाच लूमपुढे उभा राहायचा. याला डबल म्हणायचे. एक वाजता सुकदेव धुतल्या कपड्यांत यायचा आणि बळीराम लाल डोळ्यांनी घरी जायचा. जाताना म्हणायचा, "तुना देवले सांग, मना बी नाव लिखी ठेव. रविवार तुना, पन पाळस मी."

सगळे हसायचे. सुकदेवही हसायचा.

श्रावणातल्या एका रविवारी एक वाजला आणि सुकदेव गेला नाही. तीनच्या सुमाराला लूम फिरवणाऱ्या पट्ट्यानं बळीरामचा उजवा हात ओढून घेतला आणि माणूस डाव्या अंगावर आपटला. उजवा हात मनगटापासून गेला. डावा दोन ठिकाणी मोडला, तो अजून प्लास्टरमध्ये होता. म्हणजे नाकावरची माशी हाकलायची तरी कुणाला तरी हाक मारायची.

खात्यातल्या मास्तरनं, कारीगरांवर देखरेख करणाऱ्यानं, त्याच संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं, बळीराम पिऊन होता. सुकदेवला बाजूला घेऊन एवढंच म्हणाला, "पाळी तुझ्या नावावर होती. जास्त बोलायला जाशील तर पहिला तूच अडकशील." सुकदेव बोलला नाही. आणि पिऊन होता हे गल्लीला पटायला वेळ लागला नाही, कारण बळीराम दोन वर्षांपूर्वीपर्यंत खरंच प्यायचा. त्या वर्षीच्या शिमग्याला त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडली होती. त्याची बायको गायत्री तेव्हा म्हणाली होती, "आते जर का परत हात लावा ना, तर मी बारडोलीले भाऊनाकडे चालनी जासू. परत तोंड दखाडाव नही."

गायत्री बोललेलं करणारी बाई होती. तिचा भाऊ धुडकू येत्या रविवारी टेम्पो घेऊन येणार होता.

---

सुकदेव मोरीतून आला तो गुडघ्यापर्यंत ओला. अपघातानंतर त्यानं रात्रपाळीच मागून घेतली होती; ती करून तो थेट शेजारीच जायचा, आपल्या घरात नंतर. चंचलनं ताट वाढलं. त्यानं उभ्यानंच दोन घास तोंडात टाकले.

"बसा तरी."

"ड्रेसिंगले जानं शे. आनंदा पास्टर रिक्षा लई येतस."

"कालदिन किती झोपनात तुम्ही?"

"झोपनू ना."

तो खोटं बोलत होता, आणि तिला ते ठाऊक होतं. दुपारी दोनला तो जमिनीवर आडवा व्हायचा. गादीवर नाही, चटईवरही नाही. उशाला स्वतःचा हात. पाचला गजर न लावता उठायचा आणि बळीरामला चहा पाजायला जायचा. गालफडं बसली होती. रविवारी प्रार्थनेला जायचा, पण आत बसत नव्हता. मागं उभा राहायचा, सगळ्यांचे कप विसळायचा, हॉल झाडायचा. मंडळीतल्या बाया चंचलला म्हणायच्या, "बाई, तुझं नशीब थोर. अशी सेवा सख्खा भाऊ करणार नाही."

चंचल म्हणायची, "प्रभूची कृपा."

आणि जिभेला गोंद लागल्यासारखी पुढं गप्प व्हायची.

---

शुक्रवारी सकाळी सुकदेव आला तो गालाला फडकं धरून. डोळ्याखाली हाडावर निळंकाळं टेंगूळ, मधोमध चीर.

"काय व्हयनं?"

"धोटा उडना."

लूममधला धोटा, टोकाला लोखंड ठोकलेला, सुटला की गोळीसारखा येतो. जागा माणूस आवाजावरून ओळखतो आणि मान काढून घेतो. चंचलनं फडकं काढून बघितलं. बोटभर वर लागला असता तर डोळा गेला असता.

"झोप लागनी व्हती तुमले."

"नही."

"उभ्या उभ्या लागनी व्हती."

 त्यानं फडकं परत गालाला लावलं आणि दाराकडे वळला. तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. आनंदा पास्टर सोमवार ते शनिवार रिक्षा चालवायचे आणि रविवारी उपदेश करायचे. दोन्हीकडे हॉर्न जरा जास्तच, असं चंचलचं मत, पण माणूस मनाचा चांगला. अपघाताच्या दिवशी बळीरामला त्यांनीच इस्पितळात पोचवलं होतं. सीटवरचा डाग अजून निघाला नव्हता.

"सुकदेवभाऊ, हे काय?" पास्टरनी गालाकडे बघितलं. "अरे, विसावा घ्या थोडा. आणि ऐका, रविवारी तुम्ही मंडळीपुढे उभं राहून साक्ष द्यायची आहे. सेवेची साक्ष. तरुण पोरांनी ऐकायला पाहिजे."

"माझ्याजवळ साक्ष नाही, पास्टर."

"नम्रपणा पुरे झाला."

"आणि विसाव्याचं म्हणाल तर," सुकदेव म्हणाला, "माझा झालेला आहे. त्या रविवारी चार वाजेपर्यंत झाला."

पास्टरनी रिक्षाचा आरसा उगीचच हलवला, मग पुन्हा होता तसा केला. त्यांच्या हॉलमध्ये दर रविवारी वीसेक कारीगर यायचे, आणि त्या प्रत्येकाच्या लूमपुढे तेव्हा कुणीतरी दुसरा उभा असायचा, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? विश्रांतीच्या आज्ञेवर ते वर्षातून चारदा बोलायचे. चाकरालाही विसावा द्यावा, घरातल्या परक्यालाही द्यावा, असं शास्त्रात पुढं आहे. सात आठवड्यांत त्यांनी ते पान उघडलं नव्हतं.

"चला, ड्रेसिंगला उशीर होतो," ते म्हणाले.

सुकदेवनं बळीरामला दोन्ही काखांत हात घालून उठवलं. बळीराम गालाकडे बघून म्हणाला, "तुले बी लागनं का? चाल, बरं व्हयनं. आते डॉक्टर जोडीवर काही सूट देस का, ते इचारू."

गायत्री दारात उभी होती. ती हसली नाही. तिच्या मागं पलंगाखालून लोखंडी पेटी बाहेर ओढलेली दिसत होती.

---

शनिवारी दुपारी गायत्री पोरीच्या शाळेत दाखला आणायला गेली. जाताना चंचलला म्हणाली, "बाई, एवढं दोन घास खाऊ घालशील का त्यांना? सुकदेवभाऊ झोपले असतील तर उठवू नको."

ती घरची बोली सोडून बाहेर शिकलेलं मराठी बोलायला लागली की समजायचं, ती आतून कोरडी झाली.

चंचलनं भाकरी दुधात कुस्करली आणि बळीरामपुढे बसली. पुरुष माणसाला घास भरवायचा म्हणजे नजर कुठं ठेवायची हा प्रश्न. तिनं ती वाटीवर ठेवली. त्यानंही वाटीवरच ठेवली. घास, गिळणं, घास. हनुवटीवर दूध ओघळलं ते तिनं पदरानं पुसलं, तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले.

"पेटी भरी तिनी," तो म्हणाला.

"हं."

"लुगडा भरात. पोरगीना भरात. मना सदरा वर ठेवात, खुंटीवर. त्यासमा मना हात कोन घाली आते?"

चंचलनं पुढचा घास केला.

"तुम्ही तिले सांगं नही का," ती वाटीला विचारावं तसं म्हणाली, "पेल नव्हतू म्हनीसन?"

"तीनदा सांगं. दवाखानामा सांगं, घर उनू तवय सांगं, तिना पाय धरता येत नही म्हनीसन डोकं टेकीसन सांगं. चौथांदा लाज वाटनी. पेताडना साक्षीदार कोन? पेताडच." त्यानं हनुवटी खांद्याला पुसली. "वहिनी."

"हं."

"त्या दिन तुम्ही म्हने, निंघी गयात ते."

 तिच्या हातातल्या वाटीतलं दूध काठाला आलं.

"मी दारकडे देखत व्हतू," बळीराम म्हणाला. आवाजात राग नव्हता. हवामान सांगावं तसा सांगत होता. "आते येस, आते येस. हात पट्टापाशी, अन डोया दारकडे."

चंचलनं वाटी मांडीवर ठेवली.

त्या रविवारी सुकदेव प्रार्थनेहून आला तो पार गळालेला. आदल्या रात्री मंडळीत उपास आणि जागरण होतं, आणि त्याआधी सहा दिवस बारा-बारा तास. "साडेबाराले उठाड," म्हणाला आणि गादीवर पडला. साडेबाराला ती उठवायला गेली. तोंड उघडं, एक पाय गादीबाहेर, कपाळावरची आठी कधी नव्हे ती गेलेली. आठ वर्षांत तिनं त्याला दिवसाउजेडी असं झोपलेलं बघितलं नव्हतं. प्रभूनंच दिवस दिलाय विसाव्याचा, ती मनात म्हणाली, अजून अर्धा तास. एक वाजून गेल्यावर त्याचा फोन वाजला. बळीरामचं नाव. तिनं आवाज बंद केला. पुन्हा उजेड लागला, पुन्हा नाव. तिनं फोन पालथा घातला. सव्वादोनला तिसऱ्यांदा आला तेव्हा उचलला. बळीराम म्हणाला, वहिनी, सुकदेवले उठाडा, मना हात थरथरी ऱ्हायना. आवाज स्वच्छ होता, फक्त दमलेला. आणि ती म्हणाली, निंघी गयात ते, पोचतीच आते. म्हटलं, एवढ्यानं तो अर्धा तास ओढेल. अर्ध्या तासानं उठवीनच.

चारला सुकदेव आपणच दचकून उठला. "तू उठाडं नही?" "मना बी डोया लागना," ती म्हणाली. त्यानं विश्वास ठेवला. स्वतःला सोडून त्याचा सगळ्यांवर विश्वास. फोनवर तीन वेळा नाव दिसलं, ते त्याला वाटलं, झोपेत ऐकू आलं नाही. तिसरा उचललेला होता हे त्यानं नीट बघितलंच नाही. तोवर गल्लीत आरडाओरडा सुरू झाला होता.

तिनं रोज गुडघे टेकून क्षमा मागितली. मागताना रडलीही. देवाला सांगणं सोपं असतं. देव शेजारच्या खोलीत राहत नाही, आणि सकाळी पाणी भरताना नळावर भेटत नाही.

"मग तुम्ही गायत्रीले मनं नाव कसं नही सांगं?" तिनं शेवटी विचारलं.

"सांगू तर सुकदेवले कळी." बळीराम खाली मान घालून म्हणाला. "तो सकायमा येस, मना गू-मूत काढस. मना तोंडातून तुमनं नाव ऐकाले येस का तो?" मग त्यानं तोंड उघडलं. "द्या. दूध गार व्हयनं."

तिनं घास भरवला.

---

रविवारी धुडकू दहाला येणार होता तो साडेअकराला आला. बारडोलीच्या रस्त्यावर उसाच्या गाड्यांनी वाट अडवली म्हणाला. काळा, रुंद, हातावर कोयत्याचे वण. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी लावून आत आला आणि बळीरामपुढे उकिडवा बसला.

"दाजी, माले दोष देऊ नका."

"तुले कसाले देऊ," बळीराम म्हणाला. "चहा पे. पन कप मी देत नही. हात नही."

धुडकूला हसावं की नाही कळेना. त्यानं गळ्यातल्या रुमालानं मान पुसली.

सुकदेव खाली बसून बळीरामच्या पायाची नखं काढत होता. आज तो डिंडोलीला गेलाच नव्हता. गालाचं टेंगूळ पिवळं पडलं होतं आणि एक डोळा अर्धा मिटलेला. एकेक बोट धरून, ब्लेडनं, हळूहळू. गायत्रीनं पेटीला दोरी आवळली. पोरगी दाराच्या उंबऱ्यावर बसून आईच्या चपला घालून बघत होती. चंचल भिंतीला टेकून उभी होती. तिला वाटत होतं, आता सुकदेव बोलेल. ब्लेड थांबलं की वाटायचं, आता. मग पुढचं बोट.

"माणूस असावा तर असा," धुडकू बहिणीला म्हणाला. "सख्खा भाऊ करत नही इतलं. एवढा शेजार असताना यानी पेवानी अवदसा आठवनी."

सुकदेवचं ब्लेड थांबलं. "धुडकूभाऊ," तो म्हणाला, "त्या दिन माले उशीर…"

"उशीर कोनाले व्हत नही?" गायत्री एकदम म्हणाली. "तुमले उशीर व्हयना तर त्यानी पेवानं का? भाऊ, तुम्ही नका आते स्वतःले जाळू. सात आठवडा मी देखस. तुम्ही मरशात अन हाऊ जगी."

सुकदेवचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्याला माफ करून थोबाडीत मारली.

तेवढ्यात आनंदा पास्टर आले. अंगात पांढरा शर्ट, काखेत शास्त्राचं पुस्तक, मागं मंडळीतले दोघे. साक्ष द्यायला माणूस आला नाही म्हणून ते स्वतःच आले होते. पेटी बघितली, टेम्पो तर येतानाच बघितला होता. त्यांनी घसा साफ केला.

"जाण्याआधी प्रार्थना करू. ताई, चालेल ना?"

गायत्रीनं खांदे उडवले. तिला कुठलाही देव आता चालत होता, टेम्पोचं भाडं वाढत नसलं की झालं. सगळ्यांनी डोळे मिटले. धुडकूनं रुमाल डोक्यावर घेतला. पास्टर मोठ्यानं सुरू झाले. या घराला शांती दे, या भगिनीचा प्रवास सुखाचा कर, या भावाला व्यसनातून सोडव.

चंचलनं डोळे उघडले. बळीरामचे उघडेच होते. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो खुंटीवरच्या आपल्या सदऱ्याकडे बघत होता.

"…आणि प्रत्येकानं आपापलं पाप मनातल्या मनात प्रभूपुढे ठेवावं," पास्टर म्हणाले आणि थांबले. 

"गायत्री," चंचल म्हणाली.

एक-दोघांनी डोळे उघडले. गायत्रीनं मान वर केली.

"तो पेल नव्हता."

"चंचलबाई," पास्टर हळूच म्हणाले, "प्रार्थना…"

"देवले सांगीसन व्हयनं मनं. सात आठवडा सांगं." तिनं भिंत सोडली नाही. "गायत्री, तो पेल नव्हता. त्याना फोन उना व्हता. तीनदा. दोनदा मी आवाज बंद करा. तिसरांदा उचला. म्हने, वहिनी, सुकदेवले उठाडा, मना हात थरथरी ऱ्हायना. पेल मानूस असं बोलत नही. मी ऐकं शे, माले ठाऊक शे. अन मी सांगं, निंघी गयात ते. ते निंघेल नव्हतात. ते घरमा झोपेल व्हतात, मना समोर. बळीरामभाऊ दारकडे देखत ऱ्हायनात."

गायत्रीनं नवऱ्याकडे बघितलं. मग बघतच राहिली. पेटीच्या दोरीचं टोक तिच्या मुठीत होतं. धुडकूनं डोक्यावरचा रुमाल काढला आणि कुणाकडे बघावं ते न कळून पास्टरकडे बघितलं. पास्टरचं शास्त्र मिटलेलंच होतं, तरी त्यांनी ते पुन्हा मिटलं.

सुकदेव जमिनीवरून उठला नाही. बळीरामचा पाय त्याच्या मांडीवर तसाच होता. त्यानं ब्लेड बाजूला ठेवलं, जपून, कुणाला लागू नये असं, आणि सुजलेल्या डोळ्यानं बायकोकडे वर बघितलं.

"तू तं म्हने," तो म्हणाला, "तुना बी डोया लागना."

"नही," चंचल म्हणाली. "मी जागीच व्हती."